गेनू आढावांचं दुसरं गाणं

कासारखेडच्या बाजार मैदानावर लोककवी गेनू आढावांच्या कार्यक्रमाला अकरावं वर्ष लागलं होतं आणि आढाव अजून पहिल्याच गाण्यावर होते. वन्स मोअर आला की गाणं पुन्हा म्हणायचं, हा आयोजक मंडळाचा नियम होता, आणि वन्स मोअर दर वेळी येत होता. आठवडी बाजार केव्हाच स्टँडमागं हलवला होता. ढोलकीवाला हात दुखून घरी गेला, त्याच्या जागी त्याचा जावई बसला. तक्रारींना नगरपालिकेचं एकच उत्तर असे : कार्यक्रम संपल्याशिवाय मैदान मोकळं करता येत नाही.

प्रभावती खैरमोडे तिसऱ्या रांगेत होत्या. टेलिफोन खात्यातून त्या निवृत्त झाल्या त्या याच खुर्चीवर. त्यांना दुसरं गाणं ऐकायचं होतं. खडीच्या खाणीत गेलेल्या त्यांच्या भावावर, सदूवर, आढावांनी ते रचलं होतं. अपघाताच्या चौकशी अहवालात सदू नव्हता. पेपरवाल्यांनीही "एक मजूर" एवढंच छापलं होतं. त्याचं नाव फक्त गाण्यात होतं, आणि गाणं फक्त आढावांच्या तोंडात.

वन्स मोअर देणारे बापू टाठे बाईंच्या मागंच बसत.

"टाठे, पुरे करा की हो आता. त्या माणसाला उभं राहवत नाही."

"मग बसून म्हणू दे. मी कुठं नको म्हणतोय?"

"अहो, पण तेच ते किती?"

"तेच पायजे मला. शेवटच्या कडव्यात आमची विहीर आहे, बाई. हायवेखाली गेली ती. आता दुसरीकडं कुठं बघू?"

बाईंनी मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. अध्यक्ष जांभई आवरत म्हणाले, "दाद देणाऱ्याचं तोंड आम्ही कसं दाबायचं, ताई?"

त्या हिवाळ्यात टाठ्यांचा घसा धरला.

"बाई, ज्येष्ठमध आहे का हो?" त्यांनी कसंबसं विचारलं.

पुडी पर्समध्येच होती.

"नाही," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी गाणं संपलं. टाठे उठले, त्यांनी तोंड उघडलं, नुसती हवा आली. त्यांनी दोन्ही हात वर केले. अध्यक्षांनी नकारार्थी मान हलवली. वन्स मोअर तोंडीच लागे, नुसते हात चालत नव्हते. आढावांनी टाठ्यांची बरीच वाट पाहिली. मग तांब्यातलं पाणी पिऊन दुसरं गाणं धरलं.

सदू डबा घेऊन खाणीत उतरला. डब्यात भाकरी होती, चटणी विसरली होती. वरून आढावांनी त्याला नावानं हाक मारली, पुन्हा मारली. मग दरड आली आणि गाणं संपलं.

आढाव हसले. ढोलकी चढवायला त्यांनी खूण केली. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. तिसरं गाणं त्याच्या बायकोवर होतं.

"वन्स मोअर," प्रभावतीबाई म्हणाल्या.

म्हातारा वळून बघत राहिला. "अहो बाई, आता तुम्ही?"

बाईंनी पर्समधून पुडी काढली. एक काडी टाठ्यांच्या हातावर ठेवली, एक स्वतःच्या गालात धरली.

आढावांनी घाम पुसला. सदू डबा घेऊन पुन्हा खाणीत उतरला.