जप्त झालेले अकरा भाग

"बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावर एकही नोटीस सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहिली नाही!" असं बाबा छाती पुढे काढून सांगत. एका कचेरीच्या आवक-जावक विभागात ते हेडक्लार्क होते. आलेल्या कागदाला उत्तर आणि दिलेल्या कागदाची पोच, या दोन गोष्टींवर पृथ्वी फिरते असं त्यांचं ठाम मत. निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी पृथ्वीचा चार्ज त्यांनी कुणाला दिला नव्हता.

आई गेल्यावर मुलगी महिनाभर त्यांच्याकडे येऊन राहिली. दोघांनाही बोलायला काही सुचेना, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ती मालिका पूर्ण करू या. अकराच भाग उरलेत. रविवारपर्यंत संपवून दाखवते, बघाच!"

मालिका परदेशी. एका बंगल्यात म्हाताऱ्या मालकाचा खून होतो आणि दोनशे भाग उलटले तरी खुनी सापडत नाही. आईने परस्पर निकाल देऊन टाकला होता, खून माळ्याने केला. बाबांचा संशय वकिलावर. त्यावरून दोघं वर्षभर भांडले, आई तर थेट शिव्यांवर येई. दवाखान्यात नाकात नळी असतानाही आई म्हणाली होती, "अहो, माळीच! शेवटपर्यंत बघा आणि मग माझी माफी मागा." दोनशे एकावा भाग झाला आणि ती गेली. माफीचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

ही मालिका सरळ मार्गाने कुठेच मिळत नसे. एका साइटवर तिच्या लिंका असत. टिचकी मारायची, सतरा जाहिराती झटकायच्या, की भाग सुरू. त्या दिवशी मुलीने टिचकी मारली आणि समोर काळंकुट्ट पान आलं. वर परातीएवढा सरकारी शिक्का, खाली मजकूर: 'चोरीच्या मालिकांच्या लिंका दिल्याबद्दल ही साइट बंद करण्यात आली आहे. येथे येणाऱ्यांची नोंद ठेवली जात आहे.'

"बंद केली वाटतं. दुसरी शोधते."

"हात लावू नकोस!" बाबा ताडकन उठले. "ही नोटीस आहे. आपल्याला आलीय."

"अहो, ती सगळ्यांनाच दिसते."

"म्हणजे परिपत्रक! तरी उत्तर द्यावंच लागतं."

उत्तर तीन पानी झालं. विषय: पाहिलेल्या भागांबाबत कबुली व न पाहिलेल्या भागांबाबत विनंती. सोबत दोनशे एक भागांची यादी, शेऱ्यांसकट. 'भाग ४७: वीज गेली. अर्धाच गुन्हा धरावा.' 'भाग १३०: मला झोप लागली. पत्नीने पाहिला. तिला यातून वगळावे.'

मुलीला वाटलं, लिहून मोकळे होतील. पण सकाळी बघते तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे! लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलेला.

"हे काय?"

"मुद्देमाल."

पोलीस ठाण्यात टेबलामागच्या पोलिसाने विचारलं, "बोला काका, काय चोरीला गेलं?"

"गेलं नाही. मी चोरलंय."

पोलिसाने बाबांकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरात लक्ष घातलं.

"तुमच्यावर कुणी तक्रार केलीय का?"

"ते शोधणं तुमचं काम. मी आरोपी. मला फक्त पोच द्या."

"आरोपीला पोच देत नाहीत हो!"

"मग तो येऊन गेला हे कळायचं कसं?"

मागे रांग वाढत चालली. सायकल हरवलेला एक गृहस्थ ओरडला, "अहो, त्यांना अटक करा आणि रांग पुढे घ्या!"

गलका ऐकून आतून ठाण्याच्या इन्स्पेक्टर मॅडम आल्या. त्यांनी पहिली दोन पानं गंभीरपणे वाचली. यादीशी आल्या आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अय्या, ही मालिका! शेवट अगदीच टुकार हो. दोनशे नवव्या भागात कुठून तरी एक पुतण्या उगवतो आणि तोच खुनी!"

सायकलवालासुद्धा रांग सोडून ऐकायला पुढे आला.

"त्याआधी येतो का तो कुठे?" बाबांनी विचारलं.

"छे! नावसुद्धा नाही."

"तुम्ही कुठे पाहिलीत?"

मॅडम लगबगीने पंख्याचं बटण फिरवू लागल्या.

बाबा बाकावर बसले. "म्हणजे माळी नाही."

"नाही, बाबा."

"वकीलही नाही."

"नाही."

"मग वर्षभर आम्ही भांडलो कशासाठी?"

मुलीने त्यांच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्याकडे घेतली.

थोड्या वेळाने बाबांनी पोलिसाकडे कोरा कागद मागितला.

"आता काय?"

"मालिका काढणाऱ्यांविरुद्ध तक्रार. दोनशे आठ भाग माणसाला झुलवायचं आणि मग पुतण्या? सरळ फसवणूक आहे ही!" त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि मुलीकडे वळून हळूच विचारलं, "तक्रारदार म्हणून एक नाव घालू की दोन?"

"दोन."

"दोघांच्या सह्या लागतील हं, काका," पोलीस म्हणाला.

बाबा कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं, नाव एकच घालतो. भाषा मात्र तिची वापरतो."

आणि पहिलंच वाक्य असं काही उतरलं, की मुलीने ते तिथल्या तिथे, पोलिसाच्या नजरेला पडायच्या आत, खोडायला लावलं.