आत अजून बुधवारच आहे

मालनआक्का फोन स्वतःहून कधीच ठेवत नाहीत. रहिमतपुरात आमच्या आळीत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बोलणं संपतं, तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता, त्याही "बरं" म्हणतात आणि मग नुसती शांतता. फोन कट झाल्याचा आवाज येत नाही. आक्का तिथंच असतात. त्यांचा श्वास ऐकू येतो आणि त्या श्वासामागे कसली तरी बारीक घरघर. तुम्ही ठेवलात तर सुटलात, नाहीतर त्या दिवस मावळेपर्यंत थांबतील. माझ्या बायकोनं एकदा चुकून फोन तसाच ओट्यावर ठेवला, कुकर लावला, भाजी चिरली आणि मोलकरणीजवळ माझ्या बहिणीविषयी मन मोकळं केलं. पाऊण तासानं फोन उचलला तर आक्का लाईनवर. "तुमच्या पाच शिट्ट्या झाल्यात," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून बायको फोन ठेवल्यावर दोनदा तपासून बघते.

आक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लाईनी हातानं जोडायच्या त्या काळात लागल्या आणि पुढं एक्स्चेंजात माणसांची गरज उरली नाही तेव्हा निवृत्त झाल्या. नोकरी गेली, नियम राहिले. पहिला नियम, समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचं नाही. दुसरा, सगळं ऐकायचं, पण ऐकलं असं म्हणायचं नाही. एरवी त्यांचं बोलणं अस्सल आमच्याकडचं, पण फोन कानाला लागला की त्या एकदम सरकारी होतात. "कृपया लाईनवर राहा" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून भाजीवालीलाही ऐकलं आहे.

त्यांच्या फोनमागची ती घरघर म्हणजे त्यांचं मशीन.

पुढच्या खोलीत, जिथं लोक सोफा ठेवतात तिथं, आक्कांनी एक जुना कॉम्प्युटर ठेवला आहे. त्याला दोन इन्व्हर्टर, एक टेबलफॅन आणि वर भरतकाम केलेला रुमाल. हे आमच्या आळीचं कोठार. प्रत्येक घराला त्यात एक कप्पा आहे. लग्नाचे फोटो, सातबारे, पोरांच्या मार्कलिस्टा, जे काही फोनमध्ये मावत नाही ते आपोआप आक्कांकडे जाऊन पडतं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझ्या कप्प्यात प्रश्नपत्रिका. हे सगळं उभं केलं विलासनं. विलास म्हणजे आक्कांचा धाकटा भाऊ, त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली आणि आक्कांनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. स्वतःच्या लग्नाचा विषय त्याच्या शाळेच्या वेळापत्रकात कुठं बसला नाही. तो कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याला दवाखान्यात नेलं, ते नेलंच.

आता या मशीनची गंमत अशी, की कोठार त्या कॉम्प्युटरमध्ये नाही. त्या कॉम्प्युटरच्या आत आणखी एक कॉम्प्युटर आहे, कोठार त्यात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. हे मला आक्कांनी समजावून सांगितलं. मी विज्ञानाचा शिक्षक असल्यानं मान डोलावत राहिलो.

"ह्यो भाइरचा यजमान, आन् आतला पाव्हणा," त्या म्हणाल्या. "पाव्हण्याला वाटतं आपुनच खरं मशीन. आपली डिस्क, आपलं घड्याळ, सगळं हाय त्याला. आपुन दुसऱ्याच्या पोटात बसलोय हे त्याला म्हाईतच न्हाई."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. चहाची कपबशी माझ्यापुढं सरकवत म्हणाल्या, "आपल्याला तरी कुठं म्हाईत हाय, सर."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे इथं स्पष्ट करतो. वर्गात मी दरवर्षी त्यावर एक तास घेतो. आक्कांच्या खिडकीवरून जाताना माझा चालण्याचा वेग वाढतो, तो डॉक्टरांनी भरभर चालायला सांगितलं आहे म्हणून. पण हे वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही. दात घासताना आरशात बघून मी आजूबाजूच्या भिंती चाचपल्या, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

त्यात आमचा दूधवाला हणमंत. तो आक्कांचं दूध फाटकावरच ठेवून पळतो. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा त्यानं बोलायच्या आधी आजूबाजूला पाहिलं. "म्या सोता बघितलंय. त्या कोरोनाच्या टायमाला खिडकीतनं दूध द्यायला गेलतो. आक्का हाताची घडी घालून बसलेल्या, कुणाचा हात न्हाई काय न्हाई, आन् पडद्यावर अक्षरं आपली आपण उमटत व्हती. एकेक, सावकाश." मी त्याला विजेचे झटके, सैल वायर वगैरे ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून दूध फाटकाच्याही बाहेर ठेवायला लागला.

आणि घड्याळं. आक्कांच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत, एकाखाली एक. खालच्यावर पट्टी चिकटवली आहे, 'आत'. लाईट जाऊन इन्व्हर्टर उतरायला आला की आक्का आतल्या मशीनला थांबवतात. बंद नाही करत, आहे तसं गोठवतात. लाईट आली की ते जिथं होतं तिथून पुढं चालू लागतं आणि मधली मिनिटं त्याच्या खिजगणतीतही नसतात. अशी थांबलेली मिनिटं साठत साठत आतली वेळ चाळीस मिनिटांनी मागं पडली होती. ते घड्याळ एका क्षणात बरोबर करता येतं, पण आक्का आत कशालाही हात लावू देत नाहीत. "मागं ऱ्हायलं तर ऱ्हाऊ दे. मागंच बरं हाय," म्हणतात. वर त्या स्वतःही आतल्या वेळेवर राहतात. मला पाचला चहाला बोलावलं, मी पाचला गेलो, तर गॅससुद्धा पेटलेला नव्हता. "आत अजून साडेचारबी न्हाईत वाजले," त्या म्हणाल्या आणि मला बसवून ठेवलं. चाळीस मिनिटं मी त्या खोलीत पंख्याची घरघर ऐकत बसलो. आमच्याखेरीज तिथं आणखी कुणीतरी बसलं आहे असं सारखं वाटत होतं, आणि एकसुरी आवाजानं असा भास होतो असं मी स्वतःला सांगितलं.

या उन्हाळ्यात बाहेरचं मशीन आजारी पडलं. पंख्यातून कुरकुर यायला लागली, मग मधूनच टक् टक्. एका दुपारी आक्कांचा फोन आला. सरकारी आवाज नव्हता. "सर, यजमान चालला," म्हणाल्या. "त्याच्या संगं आतला जाता कामा न्हाई. काय बी करा."

मी धावत गेलो आणि शहाण्यासारखा सल्ला दिला, की सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, नवीन कॉम्प्युटर आणा आणि सुरुवातीपासून सगळं नीट मांडा. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरांकडं मी जसा बघत असेन, तशा आक्का माझ्याकडं बघत राहिल्या.

"फोटू कवाच उतरवून ठिवल्यात. तुमच्या प्रश्नपत्रिकाबी," त्या म्हणाल्या. "फोटूचं न्हाईच हे. आतला बंद पडायला नको, बास."

का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की पाहुण्याला गोठवून, झोपेतच उचलून दुसऱ्या घरात नेता येतं. मात्र घर तसंच पाहिजे, त्याच जातीचं, त्याच मेंदूचं, म्हणजे प्रोसेसरचं. मेंदू वेगळा निघाला तर तो तिथं उठेलच असं नाही. बंद करून चालू केला तर कुठंही उठेल, पण बंद करायचा नव्हता. हे सगळं त्या चार महिने पुस्तकं आणि व्हिडिओ बघून शिकल्या होत्या. मी चार महिन्यांत नवा फोनसुद्धा शिकलो नव्हतो.

सांगलीत ऑफिसांचे टाकून दिलेले कॉम्प्युटर विकणारा एक जण फोनवर सापडला. रविवारी माझ्या गाडीतून निघालो. आक्कांनी जुन्या मशीनच्या पाठीवरचा नंबर वहीत उतरवून घेतला होता आणि वाटेत पलूस येईपर्यंत तीनदा वाचून दाखवला. दुकानदार लाघवी माणूस. याच्यापेक्षा चौपट वेगाचं मशीन देतो म्हणाला. आक्का म्हणाल्या, नको. त्यानं आणखी नवं दाखवलं. आक्का त्या ढिगाऱ्यात पदर खोचून उतरल्या आणि तासाभरानं धुळीनं माखून वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तसंच मशीन होतं, नंबरासकट. दुकानदारानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाईंना ह्यात काय दिसतंय, सर?" परतीच्या वाटेवर मागची सीट मोकळी असूनही ते मशीन त्यांच्या मांडीवर होतं.

बुधवारी सकाळी आक्कांनी आतल्याला थांबवलं. दहा वाजून सहा मिनिटं, आतली. बायकोच्या पोटात दुखतंय असं कारण देऊन मी शाळेतून रजा काढली होती. झोपलेलं ते सगळं मशीन डिस्कवर उतरायला दिवस गेला, मग आक्कांनी यजमानही बंद केला. त्या रात्री आक्कांच्या घरात कसलाच आवाज नव्हता. इतक्या वर्षांची घरघर थांबली, तर त्या शांततेत मला माझ्याच कानांचा आवाज यायला लागला. आक्का खुर्चीवरून हलल्या नाहीत. जेवायला घरी या म्हणालो, तर म्हणाल्या, लाईन सोडून कसं येऊ.

गुरुवारी दुपारी नव्या घरात डिस्क लागली. आक्कांनी बटण दाबलं. पडदा काळा. मी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. पडदा काळाच. आक्कांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत, वाकून ऐकलं तर त्या म्हणत होत्या, "कृपया लाईनवर राहा. कृपया लाईनवर राहा."

मग पडदा उजळला. फोटो नव्हते, कप्पे नव्हते. एक साधं पांढरं पान उघडं होतं, लिहायचं. कोपऱ्यातल्या घड्याळात बुधवार, दहा वाजून सहा मिनिटं. पानावर एवढंच होतं:

आक्का,
१. लाईट गेली तर घाबरू नको. इन्व्हर्टर दोन तास खेचतो.
२. लोकांचे फोटो महत्त्वाचे. रोज एकदा बघत जा.
३. बंद करायची वेळ आली तर आधी

त्या 'आधी'च्या पुढं एक बारीक उभी रेघ लुकलुकत होती. दिसायची, जायची, दिसायची.

मला हणमंत आठवला. त्यानं बघितलं होतं ते खरंच होतं. विलासच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. तो दवाखान्यातल्या पलंगावरून फोननं या मशीनला जोडून घ्यायचा आणि इथं लिहायचा. आक्का हाताची घडी घालून बसायच्या, मधे आपलं बोट लागू नये म्हणून. अक्षरं सावकाश यायची, कारण त्याला दम लागायचा.

मी मूर्खासारखं म्हणालो, "आक्का, हे निदान सेव्ह तरी करून ठेवा. नाहीतर फोटो काढा."

"फोटू हाय की," त्या म्हणाल्या. "फोटूत ही रेघ हालत न्हाई." मग पदरानं पडद्यावरची धूळ टिपत म्हणाल्या, "मला कळतंय, सर, मी काय येडी न्हाई. बंद कसं करायचं ते मी कवाच शिकलीय. पर आमच्या एक्स्चेंजात शिकवलेलं, लाईन तुटणं येगळं आन् फोन ठेवणं येगळं. लाईन तुटली तर बोर्डातली पिन उपसायची न्हाई. मानूस परत येतो बोलायला. त्यानं ठेवला न्हाई, सर. तुटलीय नुसती."

मी विचारलं, की घड्याळ तरी आता नीट करायचं का, आत अजून बुधवारच आहे.

"हळू बोला," आक्का म्हणाल्या. "त्याला कळलं न्हाई अजून, घर बदललेलं."

आम्ही दोघं त्या रेघेकडं बघत बसलो. मी शपथेवर सांगतो, की एकदा ती थांबली. म्हणजे जायची वेळ झाली तरी गेली नाही, जरा जास्त वेळ दिसत राहिली, जसा लिहिणारा माणूस शब्द आठवताना थांबतो. नवं मशीन होतं, अडखळलं असेल. मी वर्गात हेच सांगेन. आक्कांनी मात्र आपोआप हाताची घडी घातली.

घरी पोचल्यावर त्यांचा फोन आला. गाडीत त्यांची वही राहिली होती. उद्या देतो म्हणालो. "बरं," त्या म्हणाल्या. मीही बरं म्हणालो. मग पलीकडे त्यांचा श्वास आणि त्यामागे नव्या घराची घरघर.

बायको आतून बाहेर आली. बराच वेळ फोन कानाला लावून गप्प उभा राहिलेला नवरा बघून तिनं विचारलं, कोण बोलतंय. कुणी नाही, मी म्हणालो, लाईन चालू आहे.