फोटोतल्या आईंचा मानपान

मी काढलेल्या लग्नाच्या फोटोंत ज्यांचा मानपान नीट झालेला नसतो, ती माणसं अल्बम घरी पोचल्यावर आठवड्याभरात पाठ फिरवतात.

हे मला पहिल्याच ऑर्डरीत कळलं. आमच्या जयसिंगपुरातल्याच शेट्यांचं लग्न होतं. अल्बम देऊन मी निर्धास्त झाले होते, तर नवरामुलगा, त्याची आई आणि आत्या अशी तिघं अल्बम घेऊन दारात.

"आमच्या आत्याचा पाठमोरा फोटो का काढला?"

मी फोटो पाहिला. सगळं घर ओळीत हसत उभं, आणि मधे आत्याचा अंबाडा. मी तो सरळच काढला होता. निदान मला तसं वाटत होतं. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून, मूल झाल्यावर हाताला काहीतरी हवं म्हणून कॅमेरा धरलेल्या बाईने स्वतःवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्नच होता.

"आत्या, तुम्ही रुसलाय का?" मी खऱ्या आत्यांना विचारलं.

"मी? छे गं. माझं सगळं व्यवस्थित झालं," बशीत चहा ओतत त्या म्हणाल्या. "तिचं काय ते तिला विचार."

मुलीच्या आईला बोलावण्यात आलं. तिने अल्बमसमोर साडी ठेवली. फोटोतल्या आत्या अर्ध्याच वळल्या. मग कुणाच्यातरी लक्षात आलं की ब्लाउजपीस जुळता नाही. तो बदलून आणला तेव्हा त्या पूर्ण वळल्या, आणि साडी खऱ्या आत्या घेऊन गेल्या.

मला वाटलं, धंदा इथेच संपला. झालं उलटंच. मुलाकडचे मुद्दाम मला बोलावू लागले. मग मुलीकडचेही, कारण मला नको म्हटलं तर यांना काहीतरी लपवायचंय असा अर्थ निघायला लागला. मांडवात लोक एकमेकांना आहेर देताना माझ्याकडे चोरून बघत. अल्बम आला की घरोघरी भिंग घेऊन पाठी शोधल्या जात. एका अल्बममध्ये नवऱ्यामुलानेच पाठ फिरवली होती. त्या घरी मी पुन्हा गेले नाही, त्यांनीही बोलावलं नाही.

मग कोल्हापूरच्या मगदुमांची ऑर्डर आली. दोन दिवसांचं लग्न, दोन्हीकडची माणसं मोठी. हे नीट पार पडलं तर पुढच्या हंगामाची चिंता नव्हती. नाही पडलं, तर मी पुन्हा सोसायटीतल्या बारशांवर.

त्याच आठवड्यात टीव्हीवरची धूळ पुसताना वर नजर गेली. माझ्या लेकीच्या, मिहूच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो, मीच काढलेला, मिहूला मांडीवर घेतलेल्या माझ्या सासूबाईंचा. आईंची पाठ दिसत होती. मिहूचं तोंडही तिकडेच गेलं होतं. कोपराखालून तिची फक्त दोन पावलं दिसत होती.

मिहू दीड वर्षाची. निरंजन, माझा नवरा, साखर कारखान्यात. हंगामात त्याला सुट्टी म्हणून नसते, आणि लग्नं नेमकी हंगामातच. मिहूला आई सांभाळतात म्हणून माझा व्यवसाय आहे. आई रुसल्या तर व्यवसाय नाही.

"तू विचार ना त्यांना," मी निरंजनला म्हटलं. "तुझी आई आहे."

"माझी आई रुसलेली नाही," तो बूट घालत म्हणाला. "भिंतीवरची रुसलीय. ती तू काढलेली आहेस."

मी इतरांना सांगते तेच सगळं केलं. साडी आणली, जुळत्या ब्लाउजपीसची. फोटोसमोर ठेवली. नारळ ठेवला. "काय कमी पडलं?" असं हात जोडून विचारलं. अंबाडा हलला नाही.

आई मटार सोलत दारात येऊन उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"साडी कुणाला?"

"तिला."

त्यांनी पदर बोटांत धरून बघितला. "बरी आहे. मला अशी कधी आणली नाहीस."

"आई, खरं सांगा, तुम्ही रुसलाय का?"

"मी कशाला रुसू? मी आहे की धडधाकट. तिचं मला माहीत नाही." एक शेंग फोडून त्या म्हणाल्या, "दिवसभर भिंतीवर बसायचं. आणि तू दर मुहूर्ताला नटूनथटून तिच्या समोरून जाणार."

"म्हणजे तिला लग्नाला यायचंय?"

"मला काय विचारतेस? पण नेलीस तर पुढच्या रांगेत बसव. आणि शेवटच्या पंगतीला नको."

हळदीच्या दिवशी मी फ्रेम शालीत गुंडाळून नेली. कार्यालयाच्या मॅनेजरने विचारलं, "पाहुणे की फोटोवाल्यांचा स्टाफ?" मी पाहुणे म्हटलं. त्याने पुढच्या रांगेत खुर्ची दिली. मुलाच्या आईने काचेवर हळदीकुंकू लावलं. मुलीच्या काकांनी मात्र माझ्याजवळ येऊन हळूच चौकशी केली, "या कुणाकडच्या? त्यांच्याकडच्या असतील तर आधी सांगायचं होतं." पहिल्या पंगतीला ताट वाढलं. जिलबी आल्यावर फ्रेममधल्या आई वळल्या. मांडीवर मिहू, जशी होती तशी. मी तिची बोटंसुद्धा मोजली.

घरी पोचून मी फ्रेम परत भिंतीवर लावली, तेव्हा आई वाटच बघत होत्या.

"काय काय होतं?"

"मसालेभात, मठ्ठा, जिलबी."

"तिने खाल्ली?"

"दोनदा मागून घेतली."

"असू दे," आई म्हणाल्या. "आम्ही वरणभात खाल्ला."

आणि त्यांनी खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड करून बसल्या. खऱ्या आई. मुख्य लग्न दुसऱ्या दिवशी.

"आई," मी त्यांच्या अंबाड्याला म्हटलं, "उद्या तुम्ही चला."

"येणारच आहे."

"पण मिहू?"

"ती आहे की."

आम्ही दोघींनी टीव्हीवरच्या फोटोकडे बघितलं. तिथल्या आई समोर बघत होत्या.

"तिला जमेल?" मी विचारलं.

"इतके दिवस माझ्यावर भरवसा होता ना? मग ती कोण आहे?"

मी प्रश्नच मनात दोनदा म्हणून बघितला. एम.एस्सी.लाही असंच व्हायचं.

सकाळी मी मिहूला फोटोखाली चटईवर बसवलं. मऊभात, दुपटं, पाणी, सगळं हाताशी ठेवलं. कशानंतर काय, हे फोटोला दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा सांगताना तिचा चेहरा आई माझं दुसऱ्यांदा ऐकतात तेव्हा होतो तसाच झाला. आईंनी आपला मोबाइल तिच्यासाठी ठेवला आणि नवी साडी नेसून गाडीत बसल्या. तिच्यासाठी आणलेलीच साडी, पण मी काही बोलले नाही.

मुहूर्त जवळ आला. अंतरपाट धरला गेला, भटजींनी घसा साफ केला. कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि डोळे घड्याळावर. मिहूचं काय चाललंय हे कळल्याशिवाय मुख्य फोटो काढणं शक्य नव्हतं. मी खांबाआड जाऊन घरी फोन लावला.

दुसऱ्याच रिंगला उचलला.

"झोपलीय," आईंचा आवाज आला. "सारखा फोन करू नकोस. तुझं काम कर."

पुढच्या रांगेत आई मुठीत अक्षता घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. ते बंद होतं.

त्यांनी मला जवळ बोलावलं. "काय म्हणते?"

"झोपलीय म्हणते."

"एवढ्यात? भात सगळा संपवला का, विचार."

मी फोनवर विचारलं. मागे कुठेतरी टीव्हीवर मालिका चालू होती.

"संपवला म्हणून सांग तिला," फोनवरच्या आई म्हणाल्या.

"संपवला," मी आईंना सांगितलं.

"हं," म्हणत आईंनी अक्षता दुसऱ्या मुठीत घेतल्या. मी फोन ठेवला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. भटजींनी शेवटचं मंगलाष्टक उचललं, अंतरपाट खाली आला, आणि मी फोटो काढला.