ताईला लिहिलेलं पालकांना गेलं

शनिवारी सकाळी साडेनऊला गणिताच्या बाईंनी ताईला मेसेज लिहिला आणि सहावीच्या पालकांच्या ग्रुपवर पाठवून दिला. फोनमध्ये ताई आणि तो ग्रुप एकाखाली एक होते आणि बाईंनी चष्मा लावलेला नव्हता. एवढंच कारण.

परदेशातल्या त्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये लागून त्यांना पाच महिने झाले होते. पगार चांगला, शाळा चकचकीत, राहायला शाळेचीच खोली, चौथ्या मजल्यावर. सोमवार ते शुक्रवार त्या अपूर्णांक शिकवत. शुक्रवारी दुपारी शिपाईमामांना 'सी यू मंडे' म्हटलं, की सोमवार उजाडेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. मागच्या रविवारी लिफ्टनं 'दरवाजा बंद होत आहे' असं सांगितलं, तेव्हा बाईंनी तिला 'बरं' म्हटलं होतं आणि दिवसभर त्यांना त्याचं वाईट वाटत राहिलं होतं.

म्हणून त्या शनिवारी त्यांनी मन मोकळं केलं. 'ताई, सुट्टीच्या दिवशी घर खायला उठतं गं. वर्गात पोरं डोक्यावर मिऱ्या वाटतात. पोटात कावळे ओरडताहेत, पण एकटीसाठी काय रांधायचं म्हणून उठवत नाही. आमची हेडबाई सदा नाकावर राग घेऊन फिरते. फोन कर ना.'

एवढं लिहून फोन पलंगावर टाकून त्या तळमजल्यावर कपडे धुवायला गेल्या. मशीनला चाळीस मिनिटं लागत.

ग्रुपमध्ये अठ्ठावीस पालक होते. मराठी एकालाही येत नव्हतं, पण फोन सगळ्यांचेच हुशार. एका आईनं मेसेज भाषांतराला घातला आणि फोननं इमानेइतबारे सांगितलं : घर शिक्षिकेला खाण्यासाठी उभं राहत आहे. विद्यार्थी तिच्या डोक्यावर मिरी दळत आहेत. तिच्या पोटात कावळे किंचाळत आहेत आणि तिला उठता येत नाही. मुख्याध्यापिका नाकावर संगीत घेऊन फिरतात.

'उठता येत नाही' वाचून त्या आईनं शाळेच्या नर्सला फोन केला. नर्सनं मुख्याध्यापिकेला केला. घर उभं राहतंय म्हणजे भिंत सरकली असणार, असा विचार करून मुख्याध्यापिकेनं इमारतीच्या देखभालवाल्याला बोलावलं. तिकडे एका वडिलांनी मिरीच्या बाबतीत मुलीला फैलावर घेतलं. तिनं मिरीचं काही सांगितलं नाही, पण बाईंची पट्टी कोणी लपवली ते नावांनिशी सांगून टाकलं.

ओल्या कपड्यांची बादली घेऊन बाई वर आल्या, तर दार सताड उघडं. देखभालवाला हातोडीनं भिंत ठोकून बघत होता. नर्स रक्तदाबाचं यंत्र मांडून बसली होती. मधोमध मुख्याध्यापिका उभी होती.

"आडव्या व्हा," नर्स म्हणाली.

"कशाला? मला काय झालंय?"

"कावळे कधीपासून आहेत?"

बाई काही बोलणार, तोच देखभालवाला म्हणाला, "भिंत ठणठणीत आहे. खिडकीला थोडी फट आहे, पण तेवढ्यानं घर उठत नाही."

मुख्याध्यापिकेनं स्वतःचा फोन पुढे केला. "आणि मी नाकातून गाते, असं तुम्ही अठ्ठावीस पालकांना कळवलंय."

बाईंनी चष्मा शोधून लावला, फोन वाचला आणि पलंगावर बसल्या. मग वर्गात गणित सोडवावं तसं त्यांनी एकेक वाक्य सोडवलं. मिऱ्या म्हणजे मुलं त्रास देतात. कावळे म्हणजे भूक लागलीय.

"भूक लागलीय, तर खाल्लं का नाही?" नर्सनं विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"आणि माझं गाणं?"

"ते कौतुकाचं आहे," बाई घाईनं म्हणाल्या.

"आणि घर?"

बाईंनी बादलीकडे पाहिलं. "घरात बोलायला कोणी नसलं, की आमच्यात तसं म्हणतात."

देखभालवाल्यानं हातोडी पिशवीत ठेवली.

"मग भाषांतर चुकलं कुठे?" मुख्याध्यापिका म्हणाली.

नर्सनं रक्तदाब मोजला, तो उत्तम निघाला. देखभालवाल्यानं खिडकीची फट बुजवली. मुख्याध्यापिकेनं ग्रुपवर लिहिलं, 'बाई सुखरूप आहेत. घरात पक्षी नाहीत.' मग ते दोघं गेले. मुख्याध्यापिका गेली नाही. तिनं कोट काढून दाराच्या खुंटीला अडकवला आणि विचारलं, "जेवायला काय करताय?"

बाईंनी भात टाकला. दोघी जेवल्या. मुख्याध्यापिका बोलायला लागली. तिची आई, तिचा भाऊ, भावाशी झालेलं भांडण, दुखरा गुडघा, शाळेतला तिचा पहिला दिवस. तीन वाजले. शाळेतला दुसरा दिवस सुरू झाला. साडेचार वाजले. बाईंचे कान ऐकून ऐकून दुखायला लागले. 'पाणी आणते' म्हणून त्या ओट्याशी गेल्या आणि ताईला लिहिलं, 'हेडबाई घरी येऊन बसलीय, उठायचं नाव घेत नाही.' पाठवण्याआधी नाव तीनदा तपासलं.

ताईचं उत्तर लगेच आलं. 'एकटी असलीस की रडतेस, माणूस आलं की वैतागतेस. चहा टाक.'

बाईंनी चहा टाकला.

सहा वाजता मुख्याध्यापिकेनं कोट घातला. दारापाशी ती बराच वेळ बटणं लावत राहिली. कोटाला तीनच बटणं होती.

"पुढच्या शनिवारी माझ्याकडे ये," ती म्हणाली. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण बाईंना स्पष्ट 'तू' ऐकू आलं. "माझ्याकडे दोन खुर्च्या आहेत. दुसरीचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही."

"नवीन घेतलीत?"

"अकरा वर्षं झाली."

"किती वाजता येऊ?" बाईंनी विचारलं.

"लवकर ये," मुख्याध्यापिका म्हणाली. "प्लास्टिक आता चिकटून बसलं असेल. काढायला दोघी लागतील."