लॅटिनच्या बाकावरचा रुमाल

शर्मिलाच्या नणंदेचं, कौमुदीचं, लग्न नाशिकला ज्या मे महिन्यात झालं, त्याच साली ऑगस्टात इराकने कुवेत गिळलं. म्हणून घरात कोणी नव्वद साल म्हणत नाही, कौमुदीच्या लग्नाचं साल म्हणतात. पुढे कुवेत सुटलं. कौमुदीचा नवरा अजून म्हणतो, की आपल्यासाठी कोणी फौज पाठवली नाही.

त्या लग्नात शर्मिलाचे सासरे, तुकारामनाना, मांडवाच्या कडेला नातीला मांडीवर घेऊन बसले होते. नानांनी सगळा जन्म कँटीनमध्ये पातेली उचलली, आणि अक्षरं शिकले ती निवृत्तीनंतर, रात्रीच्या वर्गात, पोराटोरांच्या पाटीवर. लग्नपत्रिका त्यांनी नूपुरला वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचून दाखवली. शेवटी मुलांच्या नावानं छापलेली ओळ असते, 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं', तिथं नूपुरचं नाव आलं तेव्हा ते थांबले आणि तेवढं परत वाचलं.

"पुढच्या खेपेला अख्खी गोष्ट वाचून दाखवीन," ते म्हणाले.

"प्रॉमिस?" नूपुर म्हणाली. शब्द नानांना नवा होता, पण हात पुढे आलाय म्हटल्यावर त्यांनी तो धरला.

सुट्टी संपली आणि विवेक, शर्मिला, नूपुर सौदी अरेबियात, हुफूफला परतले. शर्मिलाचा नवरा विवेक तिथल्या गॅस प्रकल्पात इंजिनिअर होता. नूपुर ज्या शाळेत जाई ती शाळा अस्तित्वात नव्हती. परदेशी लोकांच्या वसाहतीतल्या एका व्हिलात कोट्टयमच्या मिसेस कुरियन यांनी ती आपल्या मुलासाठी आणि नर्सबायकांच्या चार-पाच मुलांसाठी सुरू केली होती. ख्रिस्ती शाळा, जुन्या अभिजात पद्धतीची: लॅटिन, तर्कशास्त्र, पाठांतर आणि सकाळची प्रार्थना. अशी शाळा काढायला त्या देशात परवानगी नव्हती. म्हणून दारावर 'शिवणवर्ग' अशी पाटी होती, आणि प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिंप्याची टेप.

जे दार लावून चालतं ते उत्तमच असणार, हे आपल्या माणसाला सांगावं लागत नाही. वर्षभरात पुण्याचे आले, नाशिकचे आले, मुंबईचे आले. श्रीवर्धनचे उस्मानभाई आले. हुफूफच्या बाजारात त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान. पाटी खरी वाटावी म्हणून त्यांनी एक जुनं शिलाई मशीन शाळेला दिलं, आणि त्या पुण्याईवर त्यांच्या मुलीला, दुआला, सीट मिळाली. प्रार्थनेच्या वेळी दुआ मशीनपाशी बसे. त्यामुळे त्या शिवणवर्गात शिवण येणारी ती एकटीच होती.

पालकांनी शाळेबद्दल काय जाणून घ्यावं, हे मिसेस कुरियन यांनी पहिल्या सभेत सांगितलं. मुलाला खरं बोलता यावं, नीट विचार करता यावा, चांगल्या गोष्टीवर जीव लावता यावा. बाकी घरी त्याच्याशी गप्पा मारत बसा. एवढं बोलून त्या चहा ओतायला गेल्या. पालक बराच वेळ उरलेलं ऐकायला बसून राहिले. उरलेलं काही नव्हतं. एवढंच असेल तर मग ती शाळा कसली, असा प्रश्न विवेकने विचारला, आणि तिथल्या तिथे पालक समिती स्थापन होऊन तो तिचा अध्यक्ष झाला.

समितीने शाळेला शिस्त लावली. दर गुरुवारी सभा. प्रवेशापूर्वी पालकांची मुलाखत. सलग तीन दिवस गैरहजर राहणाऱ्याची सीट रद्द होऊन ती प्रतीक्षेतल्या पुढच्या मुलाकडे जाईल. 'चांगल्या गोष्टीवर जीव लावणे' हा विषय वेळेअभावी ऐच्छिक करण्यात आला. मुलाखतींच्या पहिल्याच फेरीत मिसेस कुरियन यांचा स्वतःचा मुलगा गळला. त्याचे वडील इस्पितळात रक्त तपासायचे, आणि मुलाकडून अपेक्षा काय असं विचारल्यावर ते 'सुखी राहावा' म्हणाले होते. समितीने खेद व्यक्त केला. मुलाने स्वयंपाकघरात बसून ऐकण्याला मात्र समितीने माणुसकीच्या नात्याने हरकत घेतली नाही.

नानांचा शुक्रवारी फोन येई, शेजारच्या वाण्याच्या दुकानातून.

"पोरगी काय शिकते?"

"लॅटिन, नाना," विवेक म्हणाला.

"कोण बोलतं ती?"

"आता कोणी बोलत नाही."

"बरं आहे," नाना म्हणाले. "शिव्या ऐकून घ्यायला नकोत."

ऑगस्टनंतर रस्त्यावरून रणगाडे वाहणारे ट्रेलर जाऊ लागले. कुवेतच्या सीमेजवळच्या हफ्र अल बातिनकडून आलेले लोक भलभलतं सांगत. बायकामुलं मायदेशी निघाली. मिसेस कुरियन म्हणाल्या, शाळा बंद करू या. समितीने त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि पुढचा विषय घेतला. कारण जो जाईल त्याची सीट जाईल, आणि जाणाऱ्यापेक्षा वाट पाहणारे जास्त होते.

वाट पाहणाऱ्यांमध्ये पहिला नंबर शिरीषचा. त्याचा हर्षवर्धन दीड वर्ष रांगेत होता. युद्धाच्या बातम्या सुरू झाल्यापासून शिरीष इतका हळवा झाला, की रोज संध्याकाळी सीटवाल्यांच्या घरी खजूर घेऊन जायचा.

"वहिनी, अजून इथंच?" तो शर्मिलाला म्हणायचा. "अहो, लेकराच्या जिवापुढे शाळा काय घेऊन बसलात? विमानतळावर मी सोडतो. गाडी बाहेरच उभी आहे."

"तुम्ही का नाही पाठवत हर्षवर्धनला?"

"आमचं काय," शिरीष नम्रपणे म्हणायचा, "आम्ही धोका पत्करू."

संक्रांतीच्या आधी कौमुदीचा फोन आला. नानांचा दमा वाढला होता. डॉक्टर घरी येऊन गेला होता आणि जाताना पायरीवर थांबून कौमुदीशी हळू बोलला होता. नानांनी एक पुस्तक उशाशी ठेवलंय, ती म्हणाली. कोणाला हात लावू देत नाहीत. नूपुर आली की वाचायचं म्हणतात.

शर्मिलाने त्याच दिवशी बॅग काढली. विवेक म्हणाला, एक्झिट-रीएंट्रीला, म्हणजे जाऊन परत यायच्या शिक्क्याला, निदान दोन आठवडे लागतील, पासपोर्ट कफीलकडे, अरब मालकाकडे आहेत. आखाती कागदाचा तो अनुभवाचा हिशोब होता. पण कफीलने सासरा आजारी आहे एवढंच ऐकलं, शिक्का मारून आणला, पासपोर्ट तिच्या हातात ठेवले आणि म्हणाला, "यल्ला, जा. बाप एकच असतो." बुधवारच्या विमानाची दोन तिकिटंही मिळाली.

जिथे अडेल असं वाटलं होतं तिथे काहीच अडलं नाही. अडलं ते घरात.

"तीन दिवसांचा नियम आहे," विवेक म्हणाला.

"तुम्हीच केलाय ना?"

"म्हणून तर मला मोडता येत नाही. दुसऱ्याचा असता तर मोडला असता."

"अहो, नाना वाट बघतायत."

"माझे वडील आहेत ते. मला कळत नाही का? पण नानांनासुद्धा हेच हवंय, पोरगी शिकावी."

शर्मिलाने कणिक तिंबायला घेतली, आणि ती कणिक त्या दिवशी फार मळली गेली.

जेवताना विवेकला तोडगा सुचला. लहानपणी नाशिकच्या एसटी स्टँडवर तो नानांबरोबर जायचा. गाडी लागली, की नाना बाहेरूनच खिडकीतून आत रुमाल टाकायचे. ज्या बाकावर रुमाल, ती जागा आपली. मग भलाभला पुढारी असला तरी तो रुमाल उचलत नसे. नूपुरच्या बाकावर रुमाल टाकायचा! उस्मानभाईंना फोन केला. श्रीवर्धनच्या गाडीतही असंच चालतं, ते म्हणाले, हा तर सर्वमान्य कायदा आहे.

"मग आम्ही बुधवारी निघतो," शर्मिला म्हणाली.

"बुधवारी नाही. आधी गुरुवारच्या सभेत रुमाल मंजूर होऊ दे, शुक्रवारी जा. मंजुरीआधी टाकलेला रुमाल हा नुसता रुमाल असतो."

"आणि लढाई सुरू झाली तर?"

"गुरुवारी सुट्टी असते," विवेक म्हणाला. "कोण सुरू करतंय?"

मंगळवारी दुपारी मिसेस कुरियन स्वतः घरी आल्या. त्यांचं कुटुंब बुधवारच्याच विमानाने जाणार होतं. व्हिलाची किल्ली कुंडीखाली ठेवलीय, त्या म्हणाल्या. मग त्यांनी शर्मिलाचा हात धरला आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "स्कूल बंद है, शर्मिला. जो स्कूल बंद है, उसका सीट कैसे जाएगा? बच्ची को लेके चलो."

शर्मिलाने विवेककडे पाहिलं. विवेकने मिसेस कुरियन यांना आदराने दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन म्हणाला, "शाळा त्यांची असेल. सीट आपली आहे."

बुधवारी विमान दोन जागा मोकळ्या घेऊन गेलं. त्यांवर कोणी रुमाल टाकला नव्हता. गुरुवारी, सतरा जानेवारीला, पहाट व्हायच्या आत युद्ध सुरू झालं आणि जवळचा धहरानचा विमानतळ प्रवाशांना बंद झाला.

सभा मात्र ठरल्या वेळी झाली. कंपनीने दिलेले गॅसचे मुखवटे मांडीवर घेऊन सभासद बसले. शिरीष निमंत्रित म्हणून हजर होता, आणि त्याने हरकत घेतली. या शाळेत पाठांतराला महत्त्व आहे. रुमाल पाठांतर करू शकतो काय? यावर गंभीर चर्चा झाली. मधे एकदा भोंगा झाला, तेव्हा मुखवटे चढवून चर्चा पुढे चालू राहिली. कोण काय बोललं ते कोणाला कळलं नाही, पण मतदान झालं. ठराव असा: रुमाल पांढरा असावा. तो स्वतः पाठांतर करू शकत नसल्याने त्याच्या शेजारी एका पालकाने बसावं आणि त्याच्या वतीने म्हणावं. रुमालाला हजर मानण्यात येईल, मात्र वरच्या वर्गात घालण्यात येणार नाही. शिरीषने निषेध नोंदवला आणि प्रतीक्षेतल्यांसाठी रंगीत रुमालाची मागणी केली.

आता नूपुरला कुठेच जाता येणार नव्हतं, पण तिच्या गैरहजेरीची सोय उत्तम झाली होती.

क्षेपणास्त्रांच्या भीतीने सगळ्यांनीच मुलांऐवजी रुमाल टाकले. त्यानंतरचे दिवस असे गेले. मुलं उस्मानभाईंच्या घरी, खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावलेल्या एका खोलीत, निम्म्या आयांच्या ताब्यात. उरलेल्या आया शाळेत, रुमालांशेजारी. बाई नव्हत्या, मुलं नव्हती. फळ्यावर मिसेस कुरियन यांच्या हातचं शेवटचं लॅटिन वाक्य होतं. ते पुसायचा अधिकार कोणाला आहे हे न ठरल्यामुळे रोज तेच म्हटलं जाई. भोंगा झाला, की आया मुखवटे घालत आणि रुमाल उडू नये म्हणून त्यावर हात ठेवत. त्या महिन्यात शाळेची हजेरी शंभर टक्के होती. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"वहिनी," उस्मानभाईंची बायको सुरैया एकदा मुखवटा वर करून शर्मिलाला म्हणाली, "माझी पोर तिथं, मी इथं कपड्याच्या तुकड्यापाशी. वरून काही पडलं, तर मी कोणाला वाचवायला धावू?"

"नियमात नाही ते," शर्मिला म्हणाली. दोघी हसल्या. मग सुरैयाने डोळे पुसायला बाकावरचा रुमाल उचलला, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी लगेच खाकरलं. तिने तो घडी करून परत ठेवला.

कौमुदीचा फोन आला तेव्हा शर्मिला शाळेतच होती. घरी विवेकने घेतला. संध्याकाळी ती आली तर तो जमिनीवर बसला होता. नाना शेवटच्या रात्री जागे होते, त्याने सांगितलं. पुस्तक मागून घेतलं. नूपुर नाही म्हटल्यावर कौमुदीला समोर बसवलं, पहिलं पान बोट ठेवून वाचलं, आणि उरलेलं नूपुरसाठी राहू दे म्हणाले.

नूपुर दारात उभी होती. "बट ही प्रॉमिस्ड," ती म्हणाली. मग आईकडे वळून मराठीत विचारलं, "आपण का नाही गेलो?"

विवेकने खिशातून रुमाल काढला, तर तो पांढरा होता. तोंड पुसायच्या ऐवजी त्याने तो हातात नुसता धरून ठेवला.

युद्ध संपलं. मिसेस कुरियन परतल्या नाहीत. व्हिलात सुरैयाने खरोखरचा शिवणवर्ग सुरू केला आणि पाटी तीच राहिली. शिरीषने हर्षवर्धनला त्यात घातलं. तिथे मुलग्यांना घेतात का, हे विचारायला तो थांबला नाही. सीट रिकामी होती, एवढं त्याला पुरेसं होतं.

शर्मिला पुढे पुष्कळांना ही हकीकत सांगायची. ऐकणारे हळहळायचे, विवेकला नावं ठेवायचे, चहा प्यायचे. मग चपला घालताना त्यांच्यातलं एक जण, सहज विचारल्यासारखं, विचारायचंच, की ते लॅटिन वगैरे शिकवणारी शाळा हल्ली आपल्याकडे कुठे आहे का, आणि प्रवेश कधी सुरू होतात. आपण इथवर वाचलंत. आपल्याही मनात ते येऊन गेलं असेल, तर संकोचू नये. रांग मोठी आहे, आताच रुमाल टाकून ठेवावा.

नूपुरची सीट शेवटपर्यंत शाबूत राहिली. तिचे आजोबा तुकारामनाना सोमवार, ११ फेब्रुवारी १९९१ रोजी पहाटे नाशिकला वारले.