शेठना हवा भित्रा ड्रायव्हर

आमच्या महादेवशेठकडे ड्रायव्हरच्या नोकरीला यायचं, तर आधी मरायची तयारी ठेवावी लागे. महाड-पोलादपूर मोटारींचे हे मालक. त्यांना स्वतःला मोटार धड येत नसे. तरी उमेदवाराला शेजारी बसवायचे, चाक आपल्या हाती घ्यायचे आणि गाडी थेट सावित्रीच्या काठाकडे काढायचे.

"काय, कसा हाकतोय?"

"वा शेठ! हात अगदी तयार हाय!" असं जो म्हणे, त्याला उतरल्यावर चहा मिळे. नोकरी नाही. जो "अहो थांबवा, मेलो!" म्हणून बोंब ठोकी आणि मालकाच्या हातातलं चाक हिसकावी, तो दुसऱ्या दिवसापासून कामावर.

"घाबरतो ना? मग चालंल," शेठ मला सांगायचे. "घाटात भित्राच माणूस बरा." मी त्यांचा तिकीट-कारकून. माझी अशी परीक्षा घेतली नाही, हे माझं नशीब!

गोपाळ ड्रायव्हरची मात्र परीक्षा कसली? बिरवाडीचा हा शेठचा लहानपणचा सवंगडी. दोघांनी मिळून आधी बैलगाड्या हाकलेल्या. पण अलीकडे तो घाटात बिनधास्त गाडी सोडू लागला. शेठ बुचकळ्यात पडले. मग एकदा पोलादपुरात त्यानं भरली गाडी गवताच्या उडवीत घातली. कुणाला खरचटलं नाही, पण उलगडा झाला. बाबाला दरी दिसतच नव्हती, घाबरणार कसा!

शेठनी त्याच दिवशी त्याला चाकावरून उतरवलं. स्टँडवरची देखरेख देऊ केली. गोपाळनं ती धुडकावली आणि बोलणंच टाकलं. शेठचं जेवणावरचं लक्ष उडालं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी एका दुपारी मला घेऊन ते बिरवाडीला गेले. गोपाळ ओटीवर बसला होता. 'बसा' म्हणाला नाही. शेठ आपणच पायरीवर टेकले.

"चाक तुला देणार नाय. माणसं मरतील. पाया पडलास तरी नाय." मग शेठनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पण बोल रे माझ्याशी. सगळे नुसते शेठ, शेठ करतात. मला नावानं हाक मारणारा तुझ्याशिवाय कोण उरलाय?"

गोपाळनं अंगणाकडचं तोंड दाराकडे वळवलं. आत बायकोला ओरडला,

"ऐकलंस गो? पाट मांड. म्हाद्या जेवायला हाय."