शिवी क्रमांक तीनशे बारा

दक्षिण विभाग व्यावसायिक कबड्डी मंडळाने खेळाडूंकडून जप्त केलेल्या शिव्या दुसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवल्या जात, आणि त्या कपाटाची किल्ली गेली एकोणीस वर्षं मधुसूदन टिकेकरांकडे होती.

पद्धत सोपी होती. सामन्यात किंवा कचेरीत खेळाडूने शिवी दिली की पंच किंवा कारकून त्याच्या तोंडाशी बाटली धरत आणि शिवी आत उतरली की बूच लावत. मग ती शिवी त्या खेळाडूच्या जिभेवर पुन्हा येत नसे, तिच्या जागी अदब येई. पूर्वी मंडळ नुसती समज देई. खेळाडू समज घेत आणि बाहेर जाऊन पंचांना शिव्या देत.

टिकेकरांना मात्र जन्मात कोणी शिवी दिली नव्हती. कचेरीतले चौघे रोज एकमेकांना काय काय म्हणत चहाला जात. टिकेकरांच्या टेबलाशी आले की म्हणत, "येतो हं, टिकेकरसाहेब."

मंगळवारी दुपारी भिवा गुरव अर्ज घेऊन आला. जयहिंद संघाच्या बचावात तो निवृत्ती शेलारचा हात धरून साखळीत उभा राही. अकरा वर्षं उभा राहिला होता.

"तीनशे बारा परत पाहिजे, साहेब."

"ती निवृत्ती शेलारांची आहे."

"दिली मला होती न्हवं?"

टिकेकरांनी वही काढली. तीनशे बारा: मजकुरात म्हैस, डावा पाय आणि भिवाचे आजोबा यांचा उल्लेख. बाधित व्यक्ती: भिवा गुरव.

"नियम चौदाप्रमाणे बाधित व्यक्तीला मागता येते," टिकेकर म्हणाले. "पण नुकसान झालं नाही असं लिहून द्यावं लागतं."

"नुकसान आता होतंय. मी झेप घ्यायला उशीर केला की त्यो ती शिवी द्यायचा, की माझं पाय आपसूक पुढं. आता काय म्हणतो ठावं हाय? भर मैदानात म्हणाला, 'भिवाजी, आपण जरा उशीर केलात.' आपण! मी हातच सोडला त्याचा. वाटलं, संपलं आपलं."

"तसं त्यांनी सांगितलं का?"

"सांगायला त्याच्याकडं शब्द कुठाय? तुमच्या कपाटात हाय. शनिवारी शेवटचा सामना. असंच चाललं तर मी खेळ सोडतो."

टिकेकरांनी कपाट उघडलं. खालच्या फळीवरच्या बाटल्या काळ्या पडल्या होत्या. कुणाच्या जातीवरून, कुणाच्या बहिणीवरून, मारायच्या इराद्याने दिलेल्या. त्यांच्या बाधितांपैकी एकोणीस वर्षांत एकही जण या जिन्याने वर आला नव्हता. त्या फळीबद्दल टिकेकरांना कधी शंका वाटली नाही. वरच्या फळीबद्दल अधूनमधून वाटे, पण मत नोंदवायला वहीत रकाना नव्हता.

तीनशे बारा वरच्या फळीवर होती. बाटली हाताला कोमट लागली.

निवृत्ती शेलार जिन्यातच उभा होता. भिवाने हाक मारल्यावर तो आत आला आणि अदबीने म्हणाला, "नमस्कार. आपली हरकत नसेल तर…"

"पी गप," भिवा म्हणाला.

निवृत्तीने बाटली तोंडाला लावली. गळ्याची घाटी वर-खाली झाली. त्याने भिवाकडे पाहिलं आणि चाळीस दिवसांनी ती शिवी संपूर्ण दिली, म्हशीपासून आजोबांपर्यंत. भिवाने डोळे पुसले.

"आता शनिवारी बघतो," तो म्हणाला.

"थांबा," टिकेकर म्हणाले. "पोच राहिली. तीन प्रतींत. आणि शिक्क्याची शाई वाळली आहे, तेव्हा उद्या पुन्हा यावं लागेल."

निवृत्तीचं तोंड नुकतंच मोकळं झालं होतं. त्याने हसत टिकेकरांच्या खांद्यावर थाप मारली आणि त्यांना एक कोरी करकरीत शिवी दिली.

निवृत्तीचा चेहरा उतरला. एका हंगामात दुसरी जप्ती म्हणजे हंगामभर बंदी. टिकेकरांनी नियमाप्रमाणे रिकामी बाटली पुढे धरली, बूच लावलं आणि वही उघडली.

"साहेब, चुकलं," भिवा म्हणाला. "असं करू नका. शनिवार…"

टिकेकर लिहीत राहिले. तीनशे तेहतीस: मजकुरात शाई, उंदीर आणि कारकुनाची मान यांचा उल्लेख. बाधित व्यक्ती: मधुसूदन टिकेकर. मग त्यांनी कोरा कागद घेऊन नियम चौदाखाली अर्ज केला, नुकसान झालं नाही असं लिहिलं, अर्ज स्वतःकडे सादर केला, वाचला आणि मंजूर केला. वहीतली नोंद आडवी रेघ मारून रद्द झाली.

"या आता," ते म्हणाले. "शनिवारी उशीर करू नका."

संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून त्यांनी बाटली काढली आणि स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली.

"हे काय आणलंत?" बायकोने विचारलं.

"माझी आहे. एका खेळाडूने दिली."

तिने बूच काढून वास घेतला, क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि बाटली परत जागेवर ठेवली.

"अहो, बूच घट्ट लावत जा," ती म्हणाली. "मुंग्या लागतील."